सहा प्रश्न, एक उत्तर

जुन्या पत्रांतला मायना ही मोठी मौजेची चीज होती. पत्र कोणाचेही असो, कोणालाही असो. आरंभी साष्टांग नमस्कार, मग विनंती विशेष, मग इकडील क्षेम जाणून आपले क्षेम लिहीत जावे, आणि शेवटी लोभ असावा. या सगळ्याच्या मध्ये खरा मजकूर दोन ओळींचा. म्हैस व्याली, किंवा मनीऑर्डर पोहोचली नाही. बाकीचे सारे हाताला इतके सवयीचे की लिहिणाऱ्याचे डोके त्या वेळी दुसरीकडेच असायचे. पण या मायन्याचे एक बरे होते. त्यातला एखादा शब्द गळला तरी कोणाचे काही बिघडत नसे.

असाही एक मायना असतो की ज्यातले एक अक्षर चुकले तर सारा हिशेब उलटा होतो. दोन गोष्टींची तुलना करताना जो मायना लिहावा लागतो तो या जातीचा. तो कमी व्हावा म्हणून माणसांनी चारशे-साडेचारशे वर्षे खटपट केली. त्या खटपटीची हकीकत सणाच्या निवांतपणात सांगावी असे मनात आले. मी मॅट्रिक झालेला मास्तर, कादंबऱ्या लिहिणारा, यंत्रशास्त्री नव्हे. पण निकालपत्रके करण्यात माझा जन्म चालला आहे, आणि तुलना करण्याचे पाप माझ्या इतके फार थोड्यांनी केले असेल.

इंग्रजीत अशा ठरीव मजकुराला ‘बॉयलरप्लेट’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील लहान गावांच्या वर्तमानपत्रांना तयार मजकूर धातूच्या पत्र्यांवर ओतून पुरवला जाई. संपादकाने तो पत्रा यंत्राला लावायचा आणि छापायचा. त्या जाड पत्र्यांना कोणी थट्टेने बॉयलरचा पत्रा म्हटले, आणि ते नाव विचार न करता पुनःपुन्हा उतरवलेल्या सर्वच मजकुराला चिकटले.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. सोळाव्या शतकात रॉबर्ट रेकॉर्ड नावाचा वेल्स देशाचा एक वैद्य इंग्रजीतून गणिताची पुस्तके लिहीत असे. १५५७ साली त्याचे ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ हे बीजगणिताचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात समीकरणे मांडताना ‘याच्या बरोबर आहे’ हे शब्द पुनःपुन्हा लिहावे लागत. रेकॉर्डला त्याचा कंटाळा आला. हा कंटाळा टाळण्यासाठी आपण सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा योजीत आहोत, कारण त्यांच्याहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या मुलांच्या पाटीवरचे = हे चिन्ह ते हेच. पुढच्याच वर्षी, १५५८ मध्ये, हा मनुष्य लंडनच्या तुरुंगात वारला. जगातल्या कोट्यवधी माणसांचा लिहिण्याचा श्रम ज्याने वाचवला, त्याच्या वाट्याला शेवट असा आला.

‘लहान’ आणि ‘मोठा’ यांच्या खुणा आल्या त्या टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकातून. हॅरियट १५८५ साली व्हर्जिनियाच्या सफरीवर जाऊन आलेला, आकाशाकडे दुर्बीण लावणारा हरहुन्नरी गृहस्थ. तो १६२१ मध्ये वारला, आणि त्याचे बीजगणित त्याच्या मागे १६३१ साली छापले गेले. उघड्या चोचीसारख्या त्या दोन खुणा. चोच मोठ्या संख्येकडे उघडते, टोक लहानाकडे. पुढे १७३४ साली पिएर बुगे या फ्रेंच विद्वानाने त्या चोचीखाली समानतेच्या रेघा ओढल्या, आणि ‘लहान किंवा समान’ व ‘मोठा किंवा समान’ अशा आणखी दोन खुणा झाल्या. समानतेच्या चिन्हावर काट मारली की ‘असमान’. मोजा पाहू: समान, असमान, लहान, मोठा, लहान किंवा समान, मोठा किंवा समान. तुलनेचे सहा प्रश्न येथे पुरे झाले.

सहा खरे, पण त्यांना सहा स्वतंत्र उत्तरे लागत नाहीत. ‘अ हा ब पेक्षा मोठा आहे का?’ हा प्रश्न म्हणजे ‘ब हा अ पेक्षा लहान आहे का?’ हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारलेला. ‘असमान’ म्हणजे ‘समान नव्हे’. तेव्हा ‘लहान’ आणि ‘समान’ या दोघांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत त्याला उरलेली चार आपोआप मिळतात. याहूनही थोडक्यात काम होते. एकच प्रश्न विचारा: ‘या दोघांत कोण?’ आणि उत्तर तिहेरी घ्या: पहिला लहान, दोघे सारखे, पहिला मोठा. काटा डावीकडे, मध्ये, उजवीकडे. वाण्याच्या तराजूला हे ज्ञान कोणी शिकवले नव्हते.

यंत्रांना ते प्रथम ठाऊक होते आणि मग ती विसरली, हा इतिहासातला गमतीचा भाग. १९५७ साली आय्‌बीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉर्ट्रान ही भाषा सिद्ध केली. तिच्यात ‘जर’ हा शब्द तराजूसारखाच होता. एक संख्या द्यावी. ती शून्याहून लहान असेल तर या ओळीवर जा, शून्य असेल तर त्या ओळीवर, मोठी असेल तर तिसरीवर. दोन संख्यांची वजाबाकी दिली की तुलना झाली. पुढे १९६२ च्या सुमारास फॉर्ट्रानच्या चौथ्या अवतारात सहा प्रश्न वेगवेगळे आले. त्या वेळच्या छिद्रपत्रांच्या अक्षरसंचात हॅरियटच्या चोची नव्हत्या, म्हणून दोन टिंबांच्या मध्ये दोन-दोन इंग्रजी अक्षरे लिहून काम भागवावे लागे. जुना तिहेरी ‘जर’ हळूहळू मागे पडला, आणि २०१८ च्या प्रमाणग्रंथातून तर त्याला काढूनच टाकले.

येथवर तुलना चालली होती ती संख्यांची. संख्यांची तुलना यंत्राच्या अंगातच असते. खरी अडचण उभी राहिली ती यंत्रात ‘वस्तू’ आल्या तेव्हा. नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा रचली. तिच्यात प्रोग्रॅम लिहिणारा स्वतःच्या जाती निर्माण करू शकत असे. माझ्या भाषेत सांगायचे तर ‘विद्यार्थी’ ही जात: तिला हजेरी क्रमांकाचा रकाना, आडनावाचा रकाना, गुणांचा रकाना. वर्गातले प्रत्येक मूल ही त्या जातीची एकेक वस्तू. केंब्रिजला संशोधन करीत असताना ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप या डेन्मार्कच्या तरुणाने सिम्युला वापरली होती. पुढे १९७९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याने सी या वेगवान भाषेला या ‘जातीं’ची जोड दिली. १९८३ साली तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले, १९८५ साली तिचे पुस्तक निघाले. तिच्यात एक मोठी सोय होती: बेरजेची, समानतेची, लहान-मोठ्याची चिन्हे आपण बनवलेल्या जातीलाही लागू करता येत. मात्र चिन्हाचा अर्थ आपण सांगायचा. दोन विद्यार्थ्यांत लहान कोण, हे यंत्राला कसे कळावे? हजेरी क्रमांकाने, की गुणांनी, की आडनावाने?

आणि अर्थ सांगायचा तो एकदा नव्हे, सहा वेळा!

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला संगणकाच्या कचेरीत आहे. गेल्या सुट्टीत तो घरी आला होता. त्याला मी म्हटले, “अरे, सहा वेळा लिहायचे म्हणजे पाचदा उतरवायचेच ना? शिक्षेची ओळ लिहावी तसे?”

तो म्हणाला, “तसेच सर. आणि तुम्ही आम्हांला सांगायचात ना, शिक्षेच्या ओळी लिहिताना विसाव्या ओळीला चूक होते म्हणून. इथेही तेच होते.”

चूक कशी होते ती माझ्या निकालपत्रकावरच पाहा. नियम असा केला: आधी गुण पाहावे, गुण सारखे असतील तर आडनाव पाहावे. कदम आणि सावंत या दोघांनाही ७२ गुण. ‘लहान’ या चिन्हाचा अर्थ लिहिताना दोन्ही पायऱ्या नीट लिहिल्या. पाचव्या चिन्हाला, म्हणजे ‘लहान किंवा समान’ला, पोहोचेपर्यंत हात कंटाळला आणि आडनावाची पायरी गळली. आता यंत्राला विचारा. सावंत कदमाहून लहान आहे का? नाही, कारण वर्णमालेत क आधी, स नंतर. सावंत कदमाशी समान आहे का? नाही. मग सावंत कदमाहून लहान किंवा समान आहे का? यंत्र म्हणते, हो! कारण येथे त्याने फक्त गुण पाहिले. दोन नकारांतून एक होकार निघाला. अशा यंत्राला यादी क्रमाने लावायला सांगितली तर ते काय लावील ते लावील. लिहिणाऱ्याला मात्र आपले सहाही परिच्छेद एकसारखेच दिसतात, कारण ते जवळजवळ एकसारखेच असतात. मायन्यातले पाप ते हेच: सारखेपणाच्या झुडपात चूक दडून बसते.

आणखी एक मेख आहे. समजा, आपल्या जातीच्या वस्तूची तुलना दुसऱ्या एखाद्या जातीशीही व्हायला हवी. मग आपले-आपले सहा, आपला डावीकडे व परका उजवीकडे असे सहा, आणि परका डावीकडे व आपला उजवीकडे असे सहा. झाले अठरा! एका साध्या नियमासाठी अठरा वेळा तेच पारायण.

या जाचातून सुटण्याचे मार्ग निरनिराळ्या गावी निरनिराळे निघाले. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात सत्तरीच्या दशकात ॲलन के, ॲडेल गोल्डबर्ग, डॅन इंगॉल्स आदी मंडळींनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. तिच्यात ‘मॅग्निट्यूड’, म्हणजे परिमाण, नावाची एक आद्य जात होती. संख्या, अक्षर, तारीख, वेळ ही सारी तिची लेकरे. लेकराने ‘लहान’ आणि ‘समान’ म्हणजे काय एवढे सांगायचे. ‘मोठा’, ‘लहान किंवा समान’, ‘या दोहोंच्या मध्ये आहे का’ हे सारे आईकडून वारशाने मिळायचे. एकत्र कुटुंबाची ही व्यवस्था होती.

सी प्लस प्लसच्या १९९८ च्या प्रमाणग्रंथातही अशी एक सोय ठेवलेली होती. दोन चिन्हे तुम्ही द्या, उरलेली चार आम्ही देतो. पण ती घरात घेतली की आपल्याच जातीला नव्हे, तर समोर येईल त्या जातीला आपला नियम लावू लागे. लोकांनी तिला दुरूनच नमस्कार केला, आणि २०२० साली ती अधिकृतपणे त्याज्य ठरवण्यात आली.

जावा भाषेने चिन्हांना नवा अर्थ देण्याची मुभाच ठेवली नाही. १९९८ च्या अखेरीस निघालेल्या आवृत्तीत तिने एकच करार घातला: ज्याला आपली तुलना व्हावी असे वाटते त्याने एक तिहेरी उत्तर द्यावे, ऋण, शून्य किंवा धन. लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेत या तिहेरी प्रश्नाला स्वतःचे चिन्ह होते: समानतेच्या रेघांना दोन्ही बाजूंनी हॅरियटच्या चोची लावलेल्या. ते चिन्ह उडत्या तबकडीसारखे दिसते म्हणून त्याला ‘स्पेसशिप’ म्हणू लागले. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये जगापुढे ठेवलेल्या रूबी भाषेत हे एक चिन्ह समजावून दिले की बाकीची सर्व चिन्हे फुकट मिळतात. १९९० साली जाहीर झालेली हास्केल भाषा याहून पुढे गेली. तेथे जातीच्या व्याख्येखाली एक शब्द लिहिला की रकान्यांच्या क्रमाने तुलना करण्याचा सारा मजकूर यंत्र स्वतःच तयार करते. पायथन भाषेने उलटा प्रवास केला. तिच्यात तिहेरी प्रश्न होता. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो काढून सहा वेगळे प्रश्न ठेवले. मग लोक पुन्हा सहा-सहा वेळा लिहू लागले, तेव्हा २०१० मध्ये एक नवी सोय आली: समानता आणि उरलेल्यांपैकी कोणतेही एक एवढे द्या, बाकीचे आम्ही भरून देतो.

तिहेरी उत्तरातही खड्डे होते, हे सांगितलेच पाहिजे. पुष्कळांना वाटे, तुलना म्हणजे वजाबाकी. पहिल्यातून दुसरा वजा करा आणि तेच उत्तर म्हणून द्या. पण यंत्रातल्या नेहमीच्या पूर्णांकाचे भांडे लहान असते. त्यात २,१४७,४८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. दोन अब्जांतून उणे दोन अब्ज वजा केले तर उत्तर चार अब्ज यायला हवे. ते भांड्यात मावत नाही, उलटून पलीकडे जाते आणि उणे २९४,९६७,२९६ असे दिसते. यंत्र शांतपणे सांगते, दोन अब्ज ही संख्या उणे दोन अब्जांहून लहान!

पण सर्वांत खोल खड्डा वेगळाच आहे, आणि मला या हकीकतीतला मोलाचा भाग तोच वाटतो. आपण मघाशी चिन्हे वाचवताना एक गोष्ट गृहीत धरली होती: ‘ब जर अ पेक्षा लहान नसेल, तर अ हा ब पेक्षा लहान किंवा समान असलाच पाहिजे.’ हे संख्यांना लागू पडते. जगाला लागू पडते का? यंत्रातसुद्धा पडत नाही. शून्याला शून्याने भागले तर जे येते त्याला १९८५ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाप्रमाणे ‘संख्या नव्हे’ असे म्हणतात. हे प्रमाणक घडवण्यात बर्कलीच्या विल्यम काहान यांचा मोठा वाटा होता. ही ‘संख्या नव्हे’ कोणाहून लहान नाही, कोणाहून मोठी नाही, कोणाशी समान नाही, स्वतःशीसुद्धा नाही. तिच्यापुढे वरचा नियम लावला तर यंत्र खोटे बोलते: ‘लहान नाही ना? मग समान किंवा मोठी असणार!’

म्हणून २०१७ साली हर्ब सटर यांनी, येन्स माउरर आणि वॉल्टर ब्राउन यांच्या साथीने, सी प्लस प्लस भाषेसाठी जी योजना मांडली तिचे मला विशेष कौतुक वाटते. स्पेसशिपचे चिन्ह त्यांनी घेतलेच, पण उत्तर देणाऱ्याला आणखी एक गोष्ट कबूल करायला लावली: तुझा क्रम कोणत्या प्रकारचा आहे? पहिला प्रकार पक्का क्रम. त्यात ‘समान’ म्हणजे अगदी एकच. एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी फरक पडू नये. हजेरी क्रमांक तसा आहे. दुसरा सैल क्रम. त्यात ‘समान’ म्हणजे एका पायरीवरचे, पण एकच नव्हेत. तिसरा अपुरा क्रम. त्यात काही जोड्यांची तुलना होतच नाही, आणि तसे स्पष्ट उत्तर देण्याची तेथे मुभा आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील अल्बुकर्की येथील बैठकीत ही योजना मान्य झाली आणि २०२० च्या प्रमाणग्रंथात ती छापली गेली. आता एक ओळ लिहिली की रकाने ज्या क्रमाने मांडले असतील त्या क्रमाने तुलना होते. सहा परिच्छेद नाहीत की अठरा नाहीत. मध्ये एक दुरुस्ती मात्र करावी लागली. दोन शब्द सारखे आहेत का एवढेच पाहायचे असेल तर आधी त्यांची लांबी पाहावी. लांबी वेगळी असेल तर अक्षरे चाळायचे कारणच नाही. तिहेरी प्रश्नाला हा जवळचा रस्ता ठाऊक नसतो. म्हणून २०१९ मध्ये बॅरी रेव्हझिन यांच्या सूचनेवरून समानतेचा प्रश्न पुन्हा वेगळा ठेवला गेला. साडेचारशे वर्षांनी रेकॉर्डच्या दोन रेघांना त्यांचे स्वतंत्र घर परत मिळाले म्हणायचे!

सैल क्रम आणि अपुरा क्रम हे शब्द मी ऐकले तेव्हा मला माझा वर्ग दिसू लागला. दोन मुलांना ७२ गुण मिळाले म्हणजे ती दोन मुले सारखी झाली का? जावा भाषेत दशांश संख्यांची एक जात आहे. तिच्यात २.० आणि २.०० यांची तुलना केली तर उत्तर ‘सारखे’ येते, आणि ‘हे एकच आहेत का?’ असे विचारले तर ‘नाही’ येते. प्रथम हे विचित्र वाटते. पण एकाने रात्री दिव्याखाली बसून ७२ मिळवलेले असतात, दुसऱ्याने गुरे राखून. पायरी एक, मुले दोन. आणि एका मुलाला गणितात जास्त, दुसऱ्याला मराठीत जास्त, तेव्हा त्या दोघांत मोठे कोण? खरे उत्तर ‘तुलना होत नाही’ असे आहे. आपण सर्व विषयांची बेरीज करतो आणि अपुऱ्या क्रमाचा पुरा क्रम करून टाकतो. एके काळी शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी वर्तमानपत्रांत छापून येत असे, आणि एका गुणाने मागे पडलेल्या मुलांच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. ती बेरीज गणिताने करायला लावलेली नव्हती. ती माणसांनी सोयीसाठी केलेली होती. सोय करावी, तिच्याविना शाळा चालणार नाही. पण आपण कोणता क्रम मानला आहे ते तोंडाने कबूल करावे.

मायना कमी करण्याचा लाभ केवळ हात वाचण्याचा नाही. सहा ठिकाणी लिहिलेली गोष्ट सहा ठिकाणी चुकते, आणि तिच्यात काय गृहीत धरले आहे हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. ती एके ठिकाणी आणली की पाहावी लागते, आणि पाहिली की प्रश्न विचारावा लागतो. रेकॉर्ड, हॅरियट, दाल, न्यूगोर यांच्यापासून आजच्या मंडळींपर्यंत सर्वांनी मिळून लिहिण्याची पाने वाचवली. त्या वाचलेल्या जागेत आपल्याला एकच ओळ लिहायची आहे, आणि ती जपून लिहायची आहे: या दोघांची तुलना मी कशाने करतो, आणि मुळात ती करता येते का?